आधी प्राण, मग मूर्ती

गेल्या दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. इंग्रजी वाङ्मयाचा विषय घेऊन पदवी मिळविल्यावर हा तरुण चित्रकलेकडे वळला आणि हाताने काढलेल्या चित्रांतून पात्रे हलती-बोलती करण्याचा व्यवसाय त्याने पत्करला. बोलता बोलता त्याने पिशवीतून कागदांची एक चळत काढून माझ्यापुढे ठेवली. त्या कागदांवर पोस्टाच्या तिकिटाएवढ्या चौकटी होत्या, आणि प्रत्येक चौकटीत घाईघाईने ओढलेल्या पाचसात रेषा. कोठे वाकलेली पाठ, कोठे नुसती मान आणि एक हात. मी सहज विचारले, “आणि चित्र कोठे आहे?” तो हसून म्हणाला, “सर, चित्राला अजून सुरुवात व्हायची आहे. दृश्य दहा सेकंदांचे आहे. तीन दिवस त्याची तयारीच चालली होती.” मग थोडा वेळ थांबून त्याने पुढची हकीकत सांगितली. जेथे तो नोकरीस होता तेथे रोज सायंकाळी ‘आज चित्रे किती झाली?’ असा प्रश्न होत असे. तीन दिवस लागोपाठ ‘एकही नाही’ असे उत्तर आल्यावर ते दृश्य त्याच्याकडून काढून दुसऱ्या कोणाच्या हाती देण्यात आले.

त्याच्या वरिष्ठाविषयी दोन कडक शब्द बोलून मी त्याचे समाधान केले. परंतु तो गेल्यावर माझ्या ध्यानात आले की, वरिष्ठाचा प्रश्न आणि माझा प्रश्न ह्यांत तत्त्वतः काडीइतकाही फरक नव्हता. त्याने चित्रांची संख्या विचारली, मी चित्राचा ठावठिकाणा विचारला, एवढेच. समोर पडलेल्या त्या रेघोट्या हीच मुळी कलाकृती असू शकेल, हे दोघांच्याही मनात आले नाही. इतकी वर्षे वाङ्मय शिकविणाऱ्या माणसाला ही चूक शोभण्यासारखी नव्हे. ती दुरुस्त करण्याच्या हेतूनेच प्रस्तुत लेख लिहीत आहे.

ह्या कलेला आपल्याकडे ‘व्यंगपट’ किंवा नुसते ‘कार्टून’ म्हणण्याची चाल पडली आहे. ह्या नावांनी तिच्यातील हास्य तेवढे सुचविले जाते; तिचे मर्म सुचविले जात नाही. ‘ॲनिमेशन’ हा शब्द ज्या लॅटिन धातूपासून निघाला त्याचा अर्थ प्राण अथवा श्वास घालणे असा आहे. ‘प्राणप्रतिष्ठा’ हा आपला शब्द त्याला फार जवळचा आहे. मात्र एक भेद विसरता कामा नये. देवालयात मूर्ती आधी घडते आणि प्राणप्रतिष्ठा मागाहून होते. ह्या कलेत क्रम नेमका उलटा आहे. येथे प्राण आधी सिद्ध व्हावा लागतो, आणि तो सिद्ध झाला नसेल तर मागाहून कितीही मूर्ती घडविल्या तरी त्या निर्जीवच राहतात. हे विधान अतिशयोक्तीचे वाटण्याचा संभव आहे. म्हणून कामाचे स्वरूपच जरा जवळून पाहू.

पडद्यावर दर सेकंदास चोवीस चौकटी सरकतात. वॉल्ट डिस्नेच्या संस्थेचा १९४१ सालचा ‘डंबो’ हा चित्रपट चौसष्ट मिनिटांचा, म्हणजे त्याच्या चौकटी ९२,१६० झाल्या. एकच चित्र दोन चौकटींपुरते वापरण्याची सवलत घेतली, तरी दहा सेकंदांच्या दृश्यात एका पात्राची एकशेवीस चित्रे होतात. हे आकडे ऐकून सामान्य माणूस थक्क होतो आणि ‘केवढी ही चिकाटी!’ असे उद्गार काढतो. पण त्या एकशेवीस चित्रांपैकी ज्यांत कलावंताला खरा निर्णय घ्यावा लागतो अशी चित्रे फार तर पाचदहा असतात. पात्र कोठे थांबते, कोठे वळते, कोठे त्याचे मन पालटते, एवढे ती सांगतात. त्यांच्या मधली चित्रे भरून काढण्याचे काम मोठ्या संस्थांतून साहाय्यकांकडे सोपविले जात असे. तेव्हा जो चित्रे मोजतो तो बहुतांशी ही मधली भरच मोजतो. आणि ती पाचदहा चित्रे कोणती असावीत हे ठरविण्यात गेलेले तीन दिवस त्याच्या हिशेबात शून्य ठरतात.

तर मग त्या तीन दिवसांत घडते तरी काय? पहिली गोष्ट म्हणजे दृश्य कथेत कोठे बसते ह्याचा विचार. ह्याच्या आधी काय होऊन गेले, पुढे काय व्हावयाचे आहे, ह्या क्षणी पात्राला काय हवे आहे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते काय लपवीत आहे? १९३३ सालच्या ‘थ्री लिटल पिग्ज’ ह्या छोट्या चित्रपटात तिन्ही डुकरे दिसावयास जवळजवळ सारखी आहेत; तरी कोणते उनाड आणि कोणते विचारी हे त्यांच्या नुसत्या हालचालीवरून कळते. पात्राचा स्वभाव हा रेखाटनाच्या आधीचा विषय आहे, ही जाणीव त्या सुमारास त्या संस्थेत रुजू लागली होती. १९३४ साली आर्ट बॅबिट ह्या चित्रकाराने ‘गूफी’ ह्या पात्राच्या स्वभावाचे एक लेखी विवेचनच तयार केले. एका भाबड्या, लांबट कुत्र्याचे स्वभावचित्रण! आम्ही वर्गात शेक्सपिअरच्या पात्रांसंबंधी जे करतो तेच हा गृहस्थ गूफीसंबंधी करीत होता. फरक एवढाच की, आमचे विवेचन नाटक लिहून झाल्यानंतर चारशे वर्षांनी होते आणि त्याचे चित्र काढण्यापूर्वी झाले.

लपविण्याचा उल्लेख वर आला, त्याचे उत्तम उदाहरण १९३७ सालच्या ‘स्नो व्हाईट’ मध्ये आहे. सात बुटक्यांपैकी ‘ग्रम्पी’ हा नेहमी करवादणारा. नायिका त्याच्या टकलाचे चुंबन घेते, तेव्हा तो हिसडा देऊन तरातरा चालू लागतो. थोड्या अंतरावर त्याची पावले मंदावतात, कपाळावरची आठी विरते, चेहरा लोण्यासारखा वितळतो. पुढच्याच क्षणी त्याला आपल्या लौकिकाची आठवण होते आणि ती आठी तो ओढून पुन्हा जागेवर बसवितो. आपल्या साहित्यशास्त्रात ज्याला अनुभाव म्हणतात तो येथे केवढा नेमका आहे! पण हा अनुभाव हात चालवता चालवता सापडणारा नव्हे. ह्या म्हाताऱ्याला प्रेम हवे आहे आणि ते हवे असल्याची लाज वाटते, हे आधी ज्याला उमगले आहे त्यालाच ती पावले नेमकी कोठे मंदावतील हे कळणार.

दुसरी गोष्ट ध्वनीची. पात्रांचे संवाद आधी मुद्रित झालेले असतात, आणि प्रत्येक अक्षर कोणत्या चौकटीवर पडते ह्याची नोंद एका लांबलचक तक्त्यावर केलेली असते. त्यास ‘एक्सपोझर शीट’ म्हणतात. शब्दाबरोबर ओठ हलविणे ही त्यातील सर्वांत सोपी बाब. ‘होय’ म्हणणाऱ्या माणसाच्या आवाजात नकार असेल तर मान कोणीकडे वळावी, हा खरा प्रश्न. म्हणून कलावंत ते मुद्रण पुनःपुन्हा ऐकतो. शब्दांसाठी तितके नाही, जितके दोन शब्दांमधल्या श्वासासाठी.

तिसरी गोष्ट अभिनयाची. चित्रकाराच्या मेजावर कागदाखालून उजेड देणारी काच असते, आणि शेजारी बहुधा एक आरसा असतो. ह्या आरशापुढे प्रौढ माणसे तोंडे वेडावताना दिसली तर पाहुण्याला हसू येईल. पण ती त्यांची तालीम आहे. १९३२ पासून डॉन ग्रॅहम ह्या कलाशिक्षकाचे वर्ग डिस्नेच्या चित्रकारांसाठी संध्याकाळी भरत असत. तेथे जिवंत माणसे समोर ठेवून रेखाटन होई, तसेच चित्रफिती सावकाश चालवून हालचालींचे पृथक्करणही होई. ‘बॅम्बी’ च्या वेळी तर हरणाची दोन पाडसे संस्थेत आणून ठेवली होती आणि त्यांच्या हाडामांसाची रचना शिकविण्यासाठी रिको लेब्रून ह्या चित्रकारास बोलाविले होते. स्तानिस्लाव्हस्कीचा नटाच्या पूर्वतयारीवरील ग्रंथ इंग्रजीत १९३६ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे नट आणि चित्रकार एकाच दशकात, एकाच प्रश्नाच्या पाठीस लागले होते.

चौथी गोष्ट त्या पोस्टाच्या तिकिटांची. मनात आलेली कल्पना प्रथम लहान चौकटीत उतरवावयाची, आणि पहिली कल्पना बहुधा टाकून द्यावयाची. कारण जी आपल्याला चटकन सुचली ती दुसऱ्या दहाजणांनाही सुचलेली असते. रेखाटन लहान ठेवण्यात एक शहाणपण आहे. लहान चित्राचा मोह पडत नाही, ते फाडताना जीव हळहळत नाही. शिवाय डोळे, बटणे, केस ह्यांना त्यात जागाच नसल्यामुळे शरीराची ठेवण तेवढी उरते. ही ठेवण पारखण्याची एक कसोटी आहे: आकृती सबंध काळी भरून टाकली तरी पात्र काय करीत आहे हे कळले पाहिजे. कुडाळजवळच्या पिंगुळी गावातील ठाकर कलावंतांचा चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ ज्यांनी पाहिला आहे त्यांना ह्याचे नवल वाटणार नाही. पडद्यावरची सावली बोलकी असावी लागते, हे त्या कलावंतांना परंपरेनेच ठाऊक असते.

पाचवी गोष्ट काळाची, आणि ती सर्वांत सूक्ष्म. डोके डावीकडे असल्याचे एक चित्र आणि उजवीकडे असल्याचे दुसरे, एवढीच सामग्री घ्या. त्या दोहोंच्या मध्ये एखादेच चित्र घातले तर माणूस दचकला असे दिसते. पाचसहा घातली तर तो कोणाला तरी न्याहाळीत आहे असे वाटते. आणखी वाढविली तर त्याला झोप अनावर झाली आहे किंवा त्याची मान अवघडली आहे असा भास होतो. चित्रे तीच, अर्थ मात्र मधल्या अंतराचा. आमच्या गवयांना हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. समेवर येण्यापूर्वी किती रेंगाळावे, ह्यातच गायकाची योग्यता कळते.

आता ह्या साऱ्या तयारीचे चीज झाल्याचे एक दृश्य पाहू. ‘डंबो’ मध्ये सर्कशीतील हत्तीण आपल्या मोठ्या कानांच्या पिलाला न्हाऊ घालते, तो प्रसंग बिल टायटला (१९०४–१९६८) ह्या चित्रकाराने हलता केला. टायटलाचा लौकिक तोपर्यंत अचाट बळाच्या आणि उग्र वृत्तीच्या पात्रांसाठी होता. ‘पिनोकियो’ तील धिप्पाड, संतापी स्ट्रॉम्बोली त्याचा. ‘फँटेशिया’ मधील डोंगरमाथ्यावर पंख पसरणारा सैतान त्याचाच. अशा माणसाने हत्तीचे तान्हे मागून घ्यावे ह्याचे आश्चर्य वाटते. त्याचे कारण त्याने स्वतःच सांगितले आहे. त्या वेळी त्याच्या घरात दोनएक वर्षांचा मुलगा होता, आणि डंबोच्या ठिकाणी त्याने आपले ते मूल पाहिले.

दृश्यात घडत काहीच नाही. पिलू टबात डुंबते, साबणाच्या फेसात खेळते, ओलेत्या अंगाने पळत सुटते, आईच्या खांबांसारख्या पायांआड लपते. आणि आई, तो दिसत असूनही, दिसत नसल्याचे सोंग करते. डंबो सबंध चित्रपटात एक शब्दही बोलत नाही. आईच्या तोंडी तरी काय? मुलाचे नाव, एवढेच. म्हणजे संवादाचा आधार मुळीच नाही. येथे टायटलाने केलेली निवड पाहण्यासारखी आहे. ज्या प्रसंगी पडून-धडपडून हसू आणणे सहज शक्य होते, तेथे त्याने पिलाच्या निर्धास्तपणावर भर दिला. आपली आई आपल्यावर पाय देणार नाही, ह्याची ज्याला शंकाही शिवलेली नाही असे मूल तो दाखवितो. एवढे प्रचंड पाय आणि त्यांच्यामधून सुळसुळणारा एवढासा जीव! भीती वाटावी अशी ही रचना आहे, आणि तीच पाहून आपल्याला निवांत वाटते. लगेच पुढच्या प्रसंगात टवाळ पोरे पिलाची कुचेष्टा करतात, आई चवताळते, तिला साखळदंड पडतात, मायलेकरांची ताटातूट होते. त्या ताटातुटीने आपले काळीज हलते ते न्हाऊमाखूच्या दृश्यामुळे. ते दृश्य नुसते गोंडस झाले असते, तर पुढचे नुसते रडके झाले असते. कथेत दृश्याचे स्थान आधी ओळखणे म्हणजे काय, ह्याचे उत्तर येथे मिळते.

ह्यावर एक आक्षेप संभवतो. इतकी आखणी केल्यावर स्फूर्तीला वाव तो कोठे राहिला? आधीच सर्व ठरले असेल तर पुढचे काम हमालीचे नव्हे काय? आक्षेप खोटा नाही, आणि ह्या व्यवसायातही त्यावरून दोन पद्धती आहेत. मुख्य स्थिती आधी निश्चित करून मधली चित्रे नंतर भरावयाची, ही एक. पहिल्या चित्रापासून शेवटपर्यंत जसे सुचेल तसे सरळ काढीत जावयाचे, ही दुसरी. दुसरीत उत्साह टिकतो, पण पात्र वाटेत लहानमोठे होते आणि नेमक्या ठिकाणी येऊन थांबत नाही. व्यवहारात चांगले कलावंत दोहोंचा मेळ घालतात. पण मूळ प्रश्नाचे उत्तर ह्याहून खोल आहे. दिदेरो ह्या फ्रेंच विचारवंताने नटासंबंधी असे प्रतिपादन केले की, थोर नट भावनेने स्वतः वाहून जात नाही. तो प्रेक्षकाला वाहून नेतो. रंगभूमीवर ह्या मताविषयी वाद होऊ शकेल. चित्रकाराच्या मेजाशी तो होऊ शकत नाही. नटाचा संताप दहा सेकंदांत ओसरला तरी चालतो; चित्रकाराला तोच दहा सेकंदांचा संताप कित्येक दिवस, सकाळी चहा घेऊन आल्यावर, नव्याने हाताशी घ्यावा लागतो. अशा वेळी तयारीच्या त्या रेघोट्याच त्याच्या उपयोगी पडतात. भावना ज्या क्षणी खरी होती त्या क्षणाची ती साक्ष असते. तयारी स्फूर्तीला मारीत नाही. ती स्फूर्तीला दीर्घायुष्य देते.

तयारीला आडवाट नाही काय? आहे, आणि ती फार जुनी आहे. जिवंत नटाची चित्रफीत घेऊन तिच्यावरून रेषा गिरविण्याच्या यंत्राचे पेटंट मॅक्स फ्लायशर ह्यास १९१७ साली मिळाले. त्याच्याच संस्थेच्या १९३९ सालच्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’ मध्ये गलिव्हरची आकृती ह्या रीतीने उतरविलेली आहे, तर लिलिपुटचे रहिवासी मोकळ्या हाताने काढलेले आहेत. परिणाम मोठा उद्बोधक आहे. गलिव्हरच्या हालचालीत शारीरिक चूक सापडत नाही, तरी तो निद्रितासारखा भासतो. आणि ज्यांचे एकही माप खऱ्या माणसाशी जुळत नाही ते बुटके मात्र जागे वाटतात. डिस्नेच्या चित्रकारांनीही ‘स्नो व्हाईट’ साठी नर्तकीची चित्रफीत घेतली होती. पण जेथे तिच्यातून सार तेवढे घेऊन बाकीचे सोडले तेथे नायिका खुलली, आणि राजपुत्राच्या बाबतीत ते साधले नाही म्हणून तो आजही लाकडी वाटतो. गिरविलेल्या रेषेत हालचाल येते, हेतू येत नाही. कारण हेतू कॅमेऱ्याला दिसत नाही, तो कोणीतरी ठरवावा लागतो.

राहता राहिला खर्चाचा प्रश्न, कारण माझ्या विद्यार्थ्याच्या वरिष्ठाची बाजूही ऐकली पाहिजे. वेळ म्हणजे पैसा, आणि अमेरिकेतील धनाढ्य संस्थेची चैन इतरांना परवडणार कशी? परंतु ‘डंबो’ हा चित्रपट ‘पिनोकियो’ च्या मानाने पुष्कळच कमी खर्चात आणि घाईने केलेला आहे. आणि त्याच वर्षी, मे १९४१ मध्ये, त्या संस्थेत मोठा संप झाला. टायटला संपात सामील झाला आणि १९४३ साली संस्था सोडून गेला. म्हणजे काटकसरीच्या आणि कलहाच्या दिवसांतच हे दृश्य पडद्यावर आले.

आपल्या देशातील उदाहरण तर आणखी स्पष्ट आहे. दादासाहेब फाळके ह्यांनी १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’ मध्ये साध्या काड्या नाचविल्या, तेव्हा त्यांच्याजवळ द्रव्य फारसे नव्हते. पुढे १९५६ साली मुंबईस फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात शिकविण्यासाठी क्लेअर वीक्स हा डिस्नेकडचा चित्रकार आला. ‘बॅम्बी’ च्या कामात त्याचा हात होता. त्याच्या हाताखाली राम मोहन ह्यांच्यासारखी माणसे तयार झाली, आणि जातककथेवरचा ‘बॅनियन डिअर’ निघाला. त्या परंपरेत पुढे १९७४ साली विजया मुळे ह्यांचा ‘एक अनेक और एकता’ आला. त्याचे ॲनिमेशन भीमसेन ह्यांचे. त्यात हालचाल बेताची आहे. पण जाळ्यासकट उडणारी ती पाखरे, दूरदर्शनवर ज्या पिढीने पाहिली तिच्या मनातून अजून गेलेली नाहीत. चित्रे थोडी होती, पण काय सांगावयाचे हे आधी ठरलेले होते. ज्याच्यापाशी द्रव्य थोडे त्याला तयारी अधिक हवी, कमी नव्हे. फुकट गेलेले चित्र त्यालाच अधिक महाग पडते.

आज यंत्राला एक वाक्य सांगितले की ते क्षणार्धात हलते चित्र पुढे करते. त्याची चित्रे मोजावयाची तर मोजदादच सुटेल. अशा काळात ‘आज चित्रे किती झाली?’ ह्या प्रश्नाला यापुढे माणूस जिंकेल असे उत्तर उरलेले नाही. उरला आहे तो त्याच्या आधीचा प्रश्न: हे पिलू आईच्या पायांत निर्धास्त का आहे? हे ठरविण्यासाठी कोणीतरी घरी जाऊन आपल्या मुलाला न्हाताना पाहिलेले असावे लागते. परीक्षकांनीही, आणि मी त्यांत आलोच, हालचाल किती गुळगुळीत आहे हे पाहणे सोडून पात्राला काय हवे होते हे पाहावयास शिकले पाहिजे.

तो विद्यार्थी जाताना कागदांची चळत विसरून गेला. मी ती परत पाठविण्यापूर्वी पुन्हा एकदा चाळली. एका चौकटीत एक म्हातारी दाराच्या कडीकडे हात नेते आहे. पुढच्या चौकटीत तो हात मागे घेतलेला आहे. तिसरीत तिने पदर सारखा केला आहे आणि मग पुन्हा कडीकडे हात. एकूण रेषा पंधरा-वीस असतील. दाराबाहेर कोण आहे हे मला ठाऊक नाही. पण ती त्याची पुष्कळ दिवस वाट पाहत होती, हे मला कळले. चित्र कोठे आहे, असे मी पुन्हा विचारणार नाही.